तोहोकु विद्यापीठाचे ‘खुले दार’ : एक पुनर्विचार

जपानमधील तोहोकु विद्यापीठाची ओळख करून देताना ‘संशोधनाला अग्रक्रम’, ‘खुले दार’ आणि ‘व्यवहारोपयोगी ज्ञानाचा आदर’ या त्रिसूत्रीचा उल्लेख हटकून होतो. विद्यापीठ स्वतःचा इतिहासही याच सूत्रांभोवती मांडते. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दुसऱ्या सूत्राची चिकित्सा करावयाची आहे.

१९०७ साली सेंदाई येथे जपानचे हे तिसरे शाही विद्यापीठ स्थापन झाले. फुरुकावा या उद्योगघराण्याच्या देणगीने ते काम मार्गी लागले. (याच घराण्याच्या आशिओ येथील तांब्याच्या खाणीने वातारासे नदीकाठची शेती नासवली होती, हेही नोंदवले पाहिजे.)

शाही विद्यापीठांत प्रवेश मिळे तो प्रामुख्याने उच्च विद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्यांना, आणि ही विद्यालये केवळ मुलांची होती. पहिले अध्यक्ष सावायानागी मासातारो यांच्या धोरणामुळे अन्य संस्थांतून शिकलेल्यांनाही येथे प्रवेशपरीक्षा देता आली. १९१३ साली कुरोदा चिका, तांगे उमे व माकिता राकु या तिघी उत्तीर्ण झाल्या. शिक्षण मंत्रालयाने पत्र पाठवून विचारणा केली. विद्यापीठ मागे हटले नाही. तोक्यो विद्यापीठात विद्यार्थिनींना नियमित प्रवेश मिळण्यास १९४६ साल उजाडावे लागले. तथापि हे दार स्त्रियांच्या हक्काचा विचार करून उघडले गेले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पात्रतेची अट सैल झाली आणि त्या फटीतून तिघी आत आल्या, असे म्हणणे अधिक योग्य वाटते.

येथे महर्षी कर्व्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. तोक्योतील जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांना स्वतंत्र महिला विद्यापीठाची प्रेरणा मिळाली व १९१६ साली ते साकार झाले. त्याच वर्षी कुरोदा आणि माकिता पदवीधर झाल्या. तांगे तर त्याच महिला विद्यापीठात शिकून सेंदाईस आलेल्या होत्या. स्त्रीशिक्षणाचे स्वतंत्र आणि सामायिक असे दोन मार्ग एकाच व्यक्तीच्या वाटचालीत जोडले गेले होते. आपल्याकडे मात्र चर्चा बहुधा पहिल्याच मार्गाची झाली.

२०२४ साली जपान सरकारने दहा लाख कोटी येनच्या निधीतून साहाय्य देण्यासाठी ‘आंतरराष्ट्रीय संशोधन-उत्कृष्टता विद्यापीठ’ म्हणून सर्वप्रथम तोहोकुचीच निवड केली. तेथील पदवी वर्गांत मुलींचे प्रमाण आजही एक तृतीयांशाहून कमी आहे. मानांकनाच्या तक्त्यांत शोधनिबंध आणि उद्धरणे यांना जे वजन मिळते, ते या आकड्याला मिळत नाही.