मलिद्याचं ताट

मलिद्याचं ताट पाहावं ते कडेकडून. बाहेरच्या फेरात फळं असतात: खजूर, केळी, सफरचंद, संत्रं, शिवाय मोसमात मिळेल ते आणखी एखादं. मधे गोड पोह्यांची रास, तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि शेजारी सब्जाची डहाळी. रायगड-मुंबई पट्ट्यातले बेने इस्रायल, म्हणजे कोकणात मराठी झालेले ज्यू, लग्नाच्या आधी, बाळाच्या सुंतेनंतर, नवस फिटल्यावर, नव्या घरात राहायला जाताना हे ताट मांडतात. खाली पांढरी चादर अंथरलेली असते, भोवती घरातली आणि आळीतली माणसं बसतात, प्रार्थना होते आणि मग वाटप. परका पाहुणा त्याला प्रसाद समजून खातो आणि गोड होतं म्हणून सांगतो. गोड असतंच. पण या ताटातली एकही वस्तू शोभेसाठी आलेली नाही, हे त्याच्या नजरेतून निसटतं.

आधी पोहे. मी भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याकडचा, तुमसर तालुक्यातला. आमच्याकडे धानावाचून पान हलत नाही, तेव्हा पोह्यांवर बोलायचा हक्क मी मागून घेत नाही, बजावतो. मलिद्याचे पोहे भिजत घालायचे नसतात. चाळणीत घेऊन पाण्याखालून काढायचे, निथळायचे आणि थांबायचं. राहिलेला ओलावा त्यांना ताज्या खवलेल्या नारळातून मिळतो. मग साखर किंवा गूळ, वेलची, जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप, बेदाणे. साखर सुटू लागली की नारळाचा रस पोह्यात उतरतो आणि पोहा फुगतो, पण फुटत नाही. मुठीत दाबला तर त्याचा लगदा होऊ नये आणि चमच्यावरून उडूही नये, एवढ्या बारीक हद्दीत हा पदार्थ राहतो. चुलीवर काही चढत नाही, त्यामुळे हात चुकला तर आटवून किंवा परतून सावरायची सोयही नाही. फोडणीच्या पोह्यांत तेल-कांदा बरंच झाकून घेतात, इथे पोहा उघडा पडतो. आमच्याकडचा जाणता माणूस पहिल्या घासालाच मान डोलावेल.

आता यात काय नाही ते पाहा. तूप नाही, दूधही नाही. मलिदा हे नाव शेजारच्या मुसलमानांकडेही आहे. त्यांचा मलिदा बहुधा पोळी किंवा रोटी कुस्करून, गूळ आणि तूप घालून होतो, दर्ग्यावर चढतो. बेने इस्रायलांनी नाव घेतलं आणि स्निग्धता बदलली. ज्यू आहारनियमांत मांस आणि दुग्धजन्य पदार्थ एका जेवणात येत नाहीत, आणि लग्नघरी मटण तर असणारच. तुपातला मलिदा त्या पंगतीत बसला नसता, नारळाचा बसतो. मटणाच्या रश्शातही या घरांत नारळाचंच दूध पडतं. नियम पाळला गेला आणि चवीला कुठे कात्री लागली नाही. एखाद्या बंधनातून इतकी सहज चव निघालेली मी फार थोड्या स्वयंपाकघरांत पाहिली आहे.

त्याहून सूक्ष्म गोष्ट धान्याची. ज्यू परंपरेत भाकर हे मोठं प्रकरण आहे. गहू, जव अशा पाच धान्यांची भाकर खायची तर आधी विधिपूर्वक हात धुणं आलं आणि नंतर लांबलचक उपकारप्रार्थना आली. तांदूळ त्या पाचांत नाही. पोह्यांना अन्नाचा मान आहे, त्यांच्यासाठी आशीर्वचन आहे, पण जेवणाचं ओझं नाही. त्यामुळे मलिदा ओंजळीत घेता येतो, दारात आलेल्याला देता येतो, सोहळ्याच्या मधे खाता येतो. भातखाऊ किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी धर्मशास्त्राच्या नेमक्या मोकळ्या जागेत आपलं धान्य आणून ठेवलं. हे ठरवून झालं की पिढ्यांच्या हाताने आपोआप घडलं, हा प्रश्न मला पडत नाही. बसलं आहे ते नेमकं बसलं आहे.

मग फळं, आणि फळांत माझं आवडतं केळं. यहुदी शिकवणीत जगातलं काहीही आशीर्वचनाशिवाय तोंडात घालणं म्हणजे देवाच्या मालकीचं परस्पर उचलणं. ती वचनंही सरसकट नसतात. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्याला दुसरं. खजूर, सफरचंद, संत्रं झाडाच्या वचनात जातात. केळं मात्र जात नाही. आपण सगळे केळीचं झाड म्हणतो, पण तिला लाकडी खोड नसतं, घड दिला की ती संपते आणि शेजारून कोंब येतो. वनस्पतिशास्त्र तिला झाड मानत नाही, आणि ज्यू धर्मशास्त्रानेही केळ्याला जमिनीच्या उपजाचंच वचन दिलं आहे. म्हणजे कोकणातल्या परसात सर्वांत सहज मिळणारं फळ ताटातली दुसरी जागा भरून काढतं. केळं नसतं तर त्या वचनासाठी दुसरं काही शोधावं लागलं असतं. पुढच्या वेळी ताट समोर आलं तर खजूर आणि केळं कुठल्या प्रार्थनेला उचललं जातं, तेवढंच पाहा. आपण ज्याला फळांची आरास समजत होतो ती वर्गवारी निघते, आणि वर्गवारी इतकी रंगीत असू शकते याचाही आनंद होतो.

सब्जा आणि गुलाब यांची गंमत निराळी. ती खायची नसतात, हुंगायची असतात. सुगंधालाही स्वतंत्र आशीर्वचन आहे. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शनिवारी सांजावून संपतो तेव्हाही सुगंध हुंगून त्याला निरोप देतात. जिभेच्या इतक्या वस्तू मांडून झाल्यावर शेवटी नाकासाठी जागा राखून ठेवणाऱ्याला ताट कुठे थांबवायचं ते कळलं होतं.

ताट ज्याच्या नावाने मांडतात तो एलियाहू हन्नबी, बायबलमधला अग्निरथातून स्वर्गात गेलेला संदेष्टा. तो मेला नाही, म्हणून येऊ शकतो, ही जगभरच्या ज्यूंची श्रद्धा. सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची ठेवतात. बेने इस्रायलांनी त्याला कोकणात उतरवलं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एक खडक आहे. तिथून तो वर गेला आणि त्याच्या रथाच्या खुणा दगडावर राहिल्या, असं ते सांगतात. वृक्षांच्या नववर्षाला, म्हणजे तू बिश्वात या सणाला, तिथे जाऊन मलिदा करण्याची चाल आहे. मलिद्याच्या ताटासमोर गाणं होतं ते त्याच नबीचं. त्यात त्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं, आणि जोडीला तिश्बी, गिलादी, म्हणजे तिश्बेचा, गिलादचा. ते गाणारे कोण? पेणकर, नवगावकर, दिवेकर, रोहेकर, अष्टमकर. गावाच्या नावाने ओळखला जाणारा नबी, गावाच्या नावाने ओळखली जाणारी माणसं. हे कुणी मुद्दाम जुळवलेलं नाही, म्हणूनच ऐकताना अंगावर येतं. हिब्रू पाठात इसहाकाने याकोबाला दिलेला आशीर्वादही असतो. त्यात दव मागितलं आहे आणि धान्याची रेलचेल मागितली आहे. समोर पोह्यांची रास आहे. त्या पाठाला याहून चांगला देखावा कुठला मिळणार?

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो अन्यत्र वाचायला मिळतो. नवगावजवळ फुटलेलं जहाज आणि वाचलेली सात जोडपी ही त्यांची मूळकथा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटलं. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं. हिब्रूचं शिक्षण त्यांच्यात पुन्हा रुजलं ते बरंचसं एकोणिसाव्या शतकात, कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की ताट कोकणी आहे, वचनं हिब्रू आहेत, आणि शिवण कुठे दिसत नाही. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. आज लोद, रामले, अश्दोद, दिमोना इथल्या घरांत मलिदा होतो. भारतात उरलेल्यांची संख्या काही हजारांवर आहे. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ साली.

पाककृतींची पुस्तकं करणाऱ्यांना एक विनंती. मलिदा ‘गोड पदार्थ’ या सदरात छापून मोकळं होऊ नका. पोहे किती वाट्या, साखर किती, हे लिहालच. त्याखाली फळांची नावंही द्या, आणि कुठलं फळ कुठल्या आशीर्वचनाचं तेही द्या. केळं खजुरापासून वेगळ्या ओळीत छापा.