फाशी यार्डातून दिसलेल्या स्त्रिया

सुधा भारद्वाज यांचे 'फ्रॉम फाशी यार्ड' हे इंग्रजी पुस्तक २०२३ साली प्रसिद्ध झाले. छत्तीसगडमधील कामगारांच्या वकील असलेल्या या बाईंना भीमा-कोरेगाव प्रकरणात २०१८ साली अटक झाली. येरवड्याच्या स्त्री-कारागृहात त्या वर्षाहून अधिक काळ होत्या, पुढे भायखळ्यास. डिसेंबर २०२१ मध्ये जामिनावर सुटल्या. त्या खटल्यात आम्ही शिरत नाही. यार्डाच्या गजांतून दिसलेल्या ७६ बंदिनींची शब्दचित्रे हा पुस्तकाचा गाभा आहे, आणि धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी ती अवश्य वाचावीत.

कारण आपल्या प्रवचनांतला तुरुंग पुरुषांचा असतो. योहान, पेत्र, पौल व सीला यांच्यापाशी दाखले संपतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शौल घरोघर शिरून पुरुषांबरोबर स्त्रियांनाही ओढून नेतो. पण ते वाक्य केवळ शौलाच्या परिवर्तनाची प्रस्तावना म्हणून वाचले जाते. त्या घरांतील चूल दुसऱ्या दिवशी कोणी पेटवली? रोमकरांस पत्राच्या शेवटी पौल युनियाचा आपल्या सहबंदिवानांत उल्लेख करतो, तीही सलामांच्या यादीत हरवते.

भारद्वाज यांच्या लेखणीत कणव आहे, पण भाबडेपणा नाही. मात्र शब्दचित्रे फार त्रोटक वाटतात. एकीची ओळख होते न होते तोच दुसरी समोर येते. शिवाय गजांतून पाहणाऱ्या लेखणीला फाटकाबाहेरचे घर दिसणार कसे? आमच्या मते शिक्षेचा अर्धा भाग तिथेच भोगला जातो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील कैद्यांत स्त्रिया सुमारे ४ टक्के. संख्या अल्प, म्हणून स्त्रियांची स्वतंत्र कारागृहेही थोडी व घरापासून दूर. भेटीला येणारे साहजिकच विरळ होतात. पुरुष आत गेला तर बहुधा बायको संसार धरून ठेवते. बाई आत गेली की तो भार पुष्कळदा थोरल्या मुलीवर येतो आणि तिची शाळा सुटते. धाकटे मूल सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालाप्रमाणे सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. त्यानंतर नातेवाईक, नाहीतर संस्था. वसतिगृहे चालवणाऱ्या आपल्या धर्मप्रांतांना हा भाग अपरिचित नसावा.

पुस्तक इंग्रजीत असल्याने सर्वांच्या हाती पडणार नाही. धर्मशिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात त्यातील पाच-सहा शब्दचित्रे मराठीतून तोंडी सांगता येतील. तान्ह्या लेकरांसह आत असलेल्या आयांची आधी घ्यावीत.