घरच्यांना श्रद्धेकडे कोण नेतं? 'स्मृतिचित्रे'चं एक वाचन

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण आत्मचरित्र आणि सत्य यांचा विचार केला. आज एकच पुस्तक घेऊ, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', आणि त्याला एकच प्रश्न विचारू: आपल्या घरच्यांना ख्रिस्ती श्रद्धेकडे 'नेता' येतं का?

या पुस्तकाची दोन वाचनं नेहमी ऐकू येतात. ख्रिस्ती मंडळीत ते नवऱ्याने दिलेल्या साक्षीचं यश म्हणून वाचतात. मंडळीबाहेर, पतिनिष्ठेची कथा म्हणून: नवरा गेला तिकडे बायको गेली. गंमत अशी, की दोन्ही वाचनांत लक्ष्मीबाईंना स्वतःचं डोकं नाही! पुस्तक तर त्या डोक्याचंच आहे.

हकिकत बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला १९०० साली. मधल्या काळातली बरीच वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांकडे राहिल्या. टिळकांचा निर्णय घरात बोलून झालेला नव्हता. बायकोला तो बातमी म्हणून कळला.

इथे टिळकांवर टीका करायलाच हवी. श्रद्धेच्या बाबतीत माणूस प्रामाणिक असला म्हणजे घराच्या बाबतीत तो न्यायी असतोच, असं नाही. त्यांनी आपल्या विवेकाचं ऐकलं, त्याची किंमत मात्र तिने मोजली. लक्ष्मीबाई सगळं विनोदाने सांगतात, म्हणून आपण हसतो आणि ती किंमत विसरतो.

पण दुसरी बाजूही सांगतो. धर्मांतरितांना विवाह मोडण्याची वाट देणारा १८६६ चा कायदा होता. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. लक्ष्मीबाई परत आल्या त्या सोवळंओवळं बरोबर घेऊन. पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात ब्राह्मणी चूल पेटत राहिली, आणि ती त्यांनी जबरदस्तीने विझवली नाही. 'नेणं' थांबलं, तिथे काहीतरी सुरू झालं.

मग बदल कुठून आला? लक्ष्मीबाईंनी आधी जातीचा विचार केला. माणसं देवाने केली, मग हे भेद कुणी केले? उत्तर त्यांचं त्यांनी शोधलं, आणि पटल्यावर कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. हा क्रम महत्त्वाचा आहे. जातीची भिंत पडली ती त्यांच्या स्वतःच्या विचाराने.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर, पटणं ही क्रिया दुसऱ्यासाठी करता येत नाही. दुसऱ्यासाठी पाणी भरता येतं, पण त्याची तहान आपल्याला लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाने सगळ्या घरासकट बाप्तिस्मा घेतला, त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. पण सोळावा अध्याय नीट वाचा. बाप्तिस्म्याआधी वचन त्या एकट्याला नाही, घरातल्या सगळ्यांना सांगितलं गेलं. कुटुंबप्रमुखाने ऐकायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, असा अर्थ त्यातून निघत नाही. आजही रविवारी मुलांना हाताला धरून देवळात नेणारे आईबाप पुष्कळ आहेत. न्यावं, जरूर न्यावं. सवय लावता येते. मात्र सवय म्हणजे श्रद्धा नव्हे, आणि मुलाने 'का?' विचारलं तर तो बंडखोर ठरू नये. लक्ष्मीबाईंनी 'का?' विचारलं म्हणून त्या टिकल्या.

किती टिकल्या, ते बघा. १९१९ साली टिळक गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ते काव्य पुढे लिहिलं लक्ष्मीबाईंनी. नुसतं मागून चालणाऱ्या माणसाच्या हातून हे झालं असतं का?

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.