माउसच्या क्लिकवर शिकार: आक्षेप नेमका कशावर?

नैतिकतेवरचा युक्तिवाद तपासायचा कसा, हे शिकवायला मला एक जुनं प्रकरण फार सोयीचं वाटतं. त्यात जवळजवळ सगळेच एका बाजूला होते, पण त्यांची कारणं मात्र एकमेकांशी जुळत नव्हती.

२००४ साली टेक्सासमध्ये जॉन लॉकवुड नावाच्या गृहस्थाने ‘लाइव्ह-शॉट’ हे संकेतस्थळ सुरू केलं. रँचवर एक रायफल, तिच्यावर कॅमेरा आणि दोन्ही फिरवणारी मोटर. घरी बसलेल्याने स्क्रीनवर बघून नेम धरायचा आणि क्लिक करायचं. सुरुवातीला कागदी लक्ष्यं होती. पुढे रानडुक्कर, बार्बरी मेंढा आणि काळवीट मारू देण्याचा बेत होता. हो, आपलंच काळवीट. विसाव्या शतकात ते टेक्सासच्या खासगी रँचवर नेलं गेलं आणि तिथे रुजलं. भारतात ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे ते ‘परदेशी प्राणी’, म्हणून मूळच्या शिकारी प्राण्यांसाठी असलेल्या राज्याच्या नियमांबाहेर. लॉकवुडची योजना याच फटीतून आत आली होती.

जानेवारी २००५ मध्ये त्याच्या एका मित्राने दूर बसून एका रानडुकरावर गोळी झाडली. गोळी लागली, पण डुक्कर मेलं नाही. तिथे हजर असलेल्या लॉकवुडला ते संपवावं लागलं. हे डुक्कर लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

मग गदारोळ झाला. प्राणिहक्कवाल्या संघटना विरोधात गेल्या यात नवल नाही, पण बंदूकवाल्यांची नॅशनल रायफल असोसिएशन आणि शिकाऱ्यांचा सफारी क्लबही विरोधात गेला. व्हर्जिनिया आणि टेक्साससह काही राज्यांनी २००५ मध्येच बंदी घातली आणि पुढच्या काही वर्षांत हा आकडा ३० च्या वर गेला. धंदा तर सुरू होण्याआधीच संपला होता. ‘जे अस्तित्वातच नाही त्यावर बंदी कशाला’ अशी थट्टाही झाली. मला ती उथळ वाटते. वाईट गोष्ट वाढायची वाट बघत बसावं, असा काही नियम नाही.

आता कारणं बघू. शिकाऱ्यांचं आवडतं कारण म्हणजे ‘फेअर चेस’: प्राण्याला निसटायची खरी संधी हवी. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये उभारलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ही कल्पना रुजवली. ऐकायला छान आहे. पण टेक्सासमध्येच उंच कुंपणाच्या रँचवर, मक्याच्या फीडरपाशी मचाण बांधून राजरोस शिकार चालते. तिथे जनावराला निसटायची कितीशी संधी असते? म्हणजे हे कारण मान्य केलं तर लॉकवुडबरोबर निम्मे आक्षेप घेणारेही अडकतात. शोधनिबंध वाचताना ही खूण ओळखायला शिका: युक्तिवाद हवं त्यापेक्षा जास्त सिद्ध करतो आणि लेखकाला ते चालणार नसतं. शिवाय ‘फेअर चेस’मध्ये प्रतिष्ठा शिकाऱ्याची जपली जाते. डुकराला त्याचं काय?

‘हा व्हिडिओ गेम होतो, माणूस निबर होतो’ हे दुसरं कारण. असेलही. पण हे अनुभवजन्य विधान आहे, त्याला पुरावा लागतो. इथे तो कुणी गोळा केला नव्हता आणि करायला नमुनाही नव्हता.

तिसरं कारण अंतराचं, आणि ते मला सगळ्यात रंजक वाटतं. दुरून जीवाला हात घालणं मुळातच वाईट का? ७ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या शल्यचिकित्सकांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या रुग्णाचं पित्ताशय रोबोटच्या मदतीने काढलं. मधे अख्खा अटलांटिक. त्याला कुणी अनैतिक म्हटलं नाही. मग फरक कुठे आहे? रुग्णाची संमती होती, उद्देश बरं करण्याचा होता, हे तर झालंच. पण यंत्रणाही वेगळी होती. तिथे खास राखीव फायबर लाइन होती, सिग्नलची दिरंगाई मोजलेली होती (सरासरी १५५ मिलिसेकंद), रुग्ण भूल देऊन स्थिर होता आणि शेजारी दुसरे डॉक्टर तयार उभे होते. डुक्कर चालतं असतं. समजा साध्या इंटरनेटवर चित्र अर्धा सेकंद उशिरा पोचतं आणि डुक्कर सेकंदाला एक मीटर चालतंय. गोळी सुटण्याआधीच ते अर्धा मीटर पुढे गेलेलं असेल. हृदय-फुप्फुसाचा पट्टा वीतभराचा, म्हणजे गोळी पोटात. ‘अंतर वाईट’ म्हणण्यापेक्षा हे विधान कितीतरी चांगलं, कारण ते तपासता येतं.

लॉकवुडचा सगळ्यात बळकट मुद्दा अपंगांचा होता: अंथरुणाला खिळलेल्या शिकाऱ्यालाही हा अनुभव मिळावा. विरोधकांनी ‘अपंगांची ढाल करतो’ म्हणून तो उडवून लावला. हे बरोबर नाही. हेतू संशयास्पद असला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. ज्याला रँचपर्यंत नेताच येत नाही, त्याला नकार देताना आपण खरंच काहीतरी नाकारतोय, एवढं तरी मान्य करायला हवं.

तरी मी बंदीच्या बाजूने आहे, आणि ते त्या पहिल्या डुकरामुळे. जखमी जनावराचा माग काढून त्याला लवकर संपवणं ही जबाबदारी शिकारीसुद्धा स्वतःची मानतात. इथे मारायचं ठरवणारा माणूस ती जबाबदारी पार पाडूच शकत नाही, मग तो कितीही भला असो. कुणी म्हणेल, जागेवर पट्टीचा नेमबाज ठेवा. ठेवला. मग खरा शिकारी तो नेमबाज झाला आणि क्लिक करणारा फक्त पहिल्या, बहुधा चुकणाऱ्या गोळीचे पैसे देणारा. त्या गोळीचं समर्थन करायला करमणुकीशिवाय काही उरत नाही. पण करमणुकीसाठी मारावं का, हा प्रश्न रायफलवाल्यांना आणि सफारी क्लबला उघडायचा नव्हता. एवढ्या उत्साहाने ते बंदीमागे का उभे राहिले, याचा माझा अंदाज हाच आहे.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. टेक्सासमध्ये आज शेताची नासाडी करणारी रानडुकरं पकडायला मोठे गोल पिंजरे लावतात. शेतकरी मोबाइलवर थेट चित्र बघतो, अख्खा कळप आत आला की बटण दाबून दार पाडतो. नंतर कुणीतरी जाऊन ती मारतो. अंतर आहे, स्क्रीन आहे, बटण आहे, निसटायची संधी शून्य. यावर तसा गदारोळ झाला नाही. वरच्या कारणांपैकी कुठलं इथे लागू पडतं, कुठलं नाही, आणि माझं कारण इथे टिकतं का, हे कागदावर मांडून बघा.