चोरखमाऱ्याची इतिहास-सहल : एक परीक्षण

जुन्या कागदांच्या मागें आयुष्य घालविणारे आम्ही लोक सहलींच्या वाटेस सहसा जात नाहीं. परंतु गेल्या माघ महिन्यांत गोंदिया जिल्ह्यांतील चोरखमारा येथून निघून नवेगांवबांध येथें संपणारी दोन दिवसांची एक 'इतिहास-सहल' पाहण्याचा योग आला. संयोजकांचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. दोष दाखवावयाचे आहेत ते पद्धतीचे आहेत, व्यक्तीचे नाहींत. ग्रंथाचें परीक्षण करावें तसेंच या सहलीचें करण्याचा आमचा विचार आहे. सहलीलाहि ग्रंथाप्रमाणें कर्ता असतो, क्रम असतो, श्रोते असतात. उणीव एवढीच कीं तिची प्रत नसते. वाटाड्या बोलतो तें ऐकणारे घरीं नेतात, दुसऱ्यांस सांगतात, आणि दहापांच वर्षांनीं तेंच 'या भागांतील परंपरागत समज' म्हणून आमच्यासारख्यांच्या टिपणवहींत येऊन बसतें. म्हणून त्याची चिकित्सा वेळींच झालेली बरी.

चोरखमारा हें तिरोडा तालुक्यांतील गांव नागझिरा अभयारण्याच्या एका प्रवेशद्वारामुळें प्रवाशांस ठाऊक आहे. नागझिऱ्यास अभयारण्याचा दर्जा १९७० सालीं मिळाला, नवेगांवचें राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचें, आणि दोन्हीं मिळून व्याघ्रप्रकल्प २०१३ च्या डिसेंबरांत जाहीर झाला. मराठी वाचकांस नागझिरा परिचित आहे तें व्यंकटेश माडगूळकरांच्या त्याच नांवाच्या पुस्तकानें, व त्या पुस्तकाचा विषय रान आणि रानांतील जनावरें हा आहे. येथें येणारा प्रवासीहि वाघ पाहण्यास येतो आणि तळ्याकडे पाठ करून निघून जातो. अशा ठिकाणीं 'या रानाच्या कडेस माणसांनीं काय केलें तें पाहा' असें म्हणून कोणी लोकांस थांबवितो, ही गोष्ट आम्हीं आरंभींच आदरानें नमूद करतों.

पहिल्या दिवशीं सकाळीं आम्ही पंधरा मंडळी चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर उभीं होतों. वाटाड्या जवळच्याच एका खेड्यांतील, तिशीच्या आंतबाहेरचा, उत्साही व गोड गळ्याचा तरुण होता. त्यानें तीन विधानें केलीं. हा तलाव चारशें वर्षांपूर्वीं गोंड राजानें कोहळ्यांकडून बांधविला, हें पहिलें. राजानें येथें चोरांस मारलें म्हणून गांवाचें नांव चोरखमारा, हें दुसरें. आणि या भागांतील तलावांस 'मामा तलाव' म्हणतात तें राजाच्या मामाच्या स्मरणार्थ, हें तिसरें. श्रोते प्रसन्न झाले, व कांहींनीं तें लगोलग लिहूनहि घेतलें.

तिन्ही विधानें क्रमानें तपासूं. चोरखमाऱ्याचा मोठा तलाव हें इंग्रजी अमलांतील सरकारी पाटबंधाऱ्याचें काम असून तें विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत झालेलें आहे. शेजारच्या बोदलकसा तलावाची गोष्ट तशीच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळून निघाला. पुढें १९०१ ते १९०३ या काळांत हिंदुस्थानच्या पाटबंधारे आयोगानें चौकशी केली, आणि तोंवर खाजगी तळ्यांवर भिस्त ठेवणाऱ्या या प्रांतांत सरकारी तलावांचीं कामें निघूं लागलीं. चोरखमाऱ्याची पाळ ही त्या दुष्काळांनीं दिलेल्या धड्याची खूण आहे. तिला चारशें वर्षें मागें ढकलल्यानें तिचें महत्त्व वाढत तर नाहींच, उलट ज्या उपासमारीनें ती बांधविली त्या उपासमारीची आठवण पुसली जाते.

दुसरें विधान नांवासंबंधीं. आमचें सारें शिक्षण संस्कृताचें. त्यामुळें कोणतेंहि ग्रामनाम समोर आलें कीं त्याची फोड करण्याचा मोह आम्हांसहि होतो, व शाळेंत असतांना त्या मोहास आम्ही अनेकदां बळी पडलों आहों. परंतु ध्वनिसाम्य म्हणजे पुरावा नव्हे. याच जिल्ह्यांत खमारी नांवाचें गांव आहे, आणि लगतच्या भंडारा जिल्ह्यांतहि आहे. तेथें कोणा चोराची कथा लावणार? ग्रामनामाचा विचार करावयाचा तर शेजारचीं सजातीय नांवें आणि बंदोबस्ताच्या जुन्या कागदांतील रूपें एकत्र मांडूनच करावा लागतो.

तिसऱ्या विधानानें मात्र आम्हांस खरोखर वाईट वाटलें. 'मामा' हें 'माजी मालगुजारी' या शब्दांचें आद्याक्षरी रूप आहे. १८६० नंतरच्या बंदोबस्तांत इंग्रज सरकारनें मालगुजारांस गांवांचे मालकी हक्क दिले आणि गांवचीं तळीं त्यांच्या मालकींत गेलीं. तळ्याच्या पाण्यावर कोणाचा किती हक्क, हें वाजिब-उल-अर्ज या गांवच्या दस्तऐवजांत नोंदलें जाई. पुढें १९५० च्या कायद्यानें मालगुजारी रद्द झाली, १९५१ त तळीं सरकारजमा झालीं, आणि 'माजी मालगुजारी तलाव' हें लांबलचक नांव कचेरींत आखडून 'मामा' झालें. म्हणजे या दोन अक्षरांत मालकीच्या दोन पालटांचा सबंध इतिहास सांठविलेला आहे. राजाचा मामा आला आणि तो सारा इतिहास गेला!

एवढ्यावर हें परीक्षण संपवितां आलें असतें. परंतु त्याच वेळीं पाळीवर गुरें घेऊन बसलेला एक वृद्ध उठून आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "हा पार सरकारचा आहे गुरुजी, आमची बोडी मांगं रायली." झाडी बोलींत पाळीस पार म्हणतात, हें या भागांतील वाचकांस सांगावयास नको. वाटाड्या ओशाळला. मग कार्यक्रमांत नसतांना तो आम्हांस अर्धा कोस मागें, धानाच्या बांध्यांमधून, त्या बोडीवर घेऊन गेला. तेथें त्याचें बोलणेंच पालटलें. राजा नाहीं, चोर नाहीं. पाणी सोडण्याचें तुडुम कसें असतें, त्याचीं भोकें पायरीपायरीनें खालीं कशीं उतरतात, वरचें बूच अगोदर व खालचें मागाहून कां काढावयाचें, पाळीच्या टोंकास सलंग किती उंचीवर ठेवली म्हणजे जादा पाणी निघून जातें व पाळ फुटत नाहीं, गाद कोणी काढावयाची आणि ती कोणाच्या शेतांत जावयाची, हें त्यानें हातवारे करून सांगितलें. आजोबांबरोबर बूच काढावयास आपण स्वतः पाण्यांत उतरत असूं, असेंहि तो म्हणाला. ही अर्ध्या तासाची हकीगत सहलीच्या छापील कार्यक्रमांत कोठेंच नव्हती. आणि दोन दिवसांत आम्हीं जें ऐकलें त्यांत सर्वांत विश्वसनीय तेंच होतें.

दुसऱ्या दिवशीं अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील नवेगांवबांध. हा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला, तो आतां कोलासुर देव म्हणून पूजिला जातो, आणि भोंवतालच्या शिखरांस सात बहिणी म्हणतात, ही हकीगत रसेलनें संपादिलेल्या १९०८ च्या भंडारा जिल्ह्याच्या गॅझेटियरच्या काळापासून छापलेली आहे. तलावाचा घेर १७ मैल व क्षेत्र ५ चौरस मैल हे आंकडेहि त्याच काळच्या सरकारी ग्रंथांतले. वाटाड्यानें हें सर्व बरोबर सांगितलें. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेस गेला असतां त्यानें कोहळ्यांस तेथून आणिलें, ही कथाहि त्यानें सांगितली; मात्र ती घडलेली गोष्ट म्हणून. रसेल व रायबहादुर हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिविषयक ग्रंथांत ती कोहळ्यांची परंपरा म्हणून येते. परंपरा आणि घटना यांतील हें अंतर लहान दिसतें, पण संशोधनाचा सारा पाया त्यावर आहे.

याहून सूक्ष्म अडचण पुढें आली. ही कथा आपणांस कोठून मिळाली, असें आम्हीं विचारतां वाटाड्या म्हणाला कीं, कांहीं वडिलांकडून आणि कांहीं एका पुस्तिकेंतून. त्या पुस्तिकेचा आधार गॅझेटियर. गॅझेटियरचा आधार शंभर वर्षांपूर्वींच्या अशाच कोणा वडिलांचें तोंड. ज्यांनीं हस्तलिखितें ताडून पाहिलीं आहेत त्यांस या अवस्थेचें नवल वाटणार नाहीं. दोन प्रती एकाच मातृकेवरून उतरल्या असल्या तर त्यांचा एकमेळ म्हणजे दोन साक्षी नव्हेत, ती एकच साक्ष. भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली ती याच विवेकावर. तोच विवेक वाटाड्याच्या बोलण्यास लावला म्हणजे त्याचे तीन थर निराळे दिसतात. तुडुम, सलंग, गाद हा त्याच्या घरचा अनुभव. तो मूळ पाठ. कोलू पाटील व काशीची कथा ही परंपरा. तिचा पाठ ग्राह्य, पण पोथी पुस्तकाच्या स्पर्शानें मिश्र झालेली. चारशें वर्षांचा चोरखमारा आणि राजाचा मामा हे अलीकडचे प्रक्षेप. प्रवाशास आवडतें म्हणून घातलेले.

प्रक्षेपानें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. त्यास पॅसिफिक महासागरांतील रापा नुई ऊर्फ ईस्टर बेटाचें उदाहरण देतों. चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारें साडेतीन हजार किलोमीटर दूरच्या या बेटावर डच दर्यावर्दी रोगेफेन १७२२ त ईस्टरच्या दिवशीं पोंचला. तेथील प्रचंड पाषाणमूर्ति पाहावयास आज जगांतून लोक येतात, आणि बहुतेक स्थळीं स्थानिक वाटाड्यावांचून जातां येत नाहीं. बेटवाल्यांनीं स्वतःच झाडें तोडून, आपसांत लढून सतराव्या शतकांत आपला नाश ओढवून घेतला, ही कथा पुष्कळ वर्षें प्रवाशांस ऐकविली गेली. डायमंड यांच्या २००५ च्या पुस्तकानें ती घरोघरीं नेली. २०२४ त प्राचीन अस्थींच्या जनुकीय अभ्यासानें असा लोकसंख्येचा ऱ्हास त्या शतकांत झाल्याचें दिसत नाहीं असें दाखविलें. ऱ्हास झाला तो पुढें आणि कागदोपत्रीं नोंदलेला: १८६२-६३ त पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनीं हजाराहून अधिक लोक पकडून नेले, मागून रोगराई आली, आणि १८७७ त बेटावर १११ माणसें उरलीं. त्या नेलेल्यांत रोंगोरोंगो लिपि जाणणारे होते. आज त्या लिपीचीं सुमारें पंचवीस लांकडी फळकें निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. वाचतां एकहि येत नाहीं. गोड कथेनें तेथें दुहेरी अन्याय केला. बळी पडलेल्यांवरच दोष आला, आणि खऱ्या अपराधाचा विसर पडला.

चोरखमाऱ्यास गुलामव्यापारी आले नाहींत. परंतु तुडुमाचें बूच केव्हां काढावें हें जाणणारी पिढी आमच्या डोळ्यांदेखत जात आहे, आणि तिचें ज्ञान कोणत्याहि पोथींत नाहीं. याचा दोष वाटाड्यावर घालून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. आमच्या मंडळांनीं सनदा जमविल्या, बखरी छापिल्या, महजर वाचले. तें आवश्यकच होतें. पण बोडीच्या पाळीवरील वृद्धास आम्हीं कधीं विचारलें नाहीं. त्याच्यापाशीं मोडी अक्षर नव्हतें, म्हणून तो आमच्या लेखीं साधनांत मोडत नव्हता. त्या रिकाम्या जागेंतच राजाचा मामा येऊन बसला आहे.

तेव्हां संयोजकांस आमची सूचना एवढीच. चोरखमाऱ्याच्या पाळीवर दुष्काळांची व मालगुजारीची खरी हकीगत सांगावी. ती राजाच्या कथेहून कमी हृदयद्रावक नाहीं. परंपरा सांगतांना 'असें म्हणतात' हे दोन शब्द गाळूं नयेत. आणि बोडी कार्यक्रमांत घ्यावी, कारण तेथें वाटाड्याच आचार्य आहे. आमच्या सभासदांस विनंती अशी कीं, त्या भागांत जाणाऱ्यानें टिपणवही बरोबर न्यावी. बोलणाऱ्याच्या संमतीनें, त्याच्याच बोलींत, गांव व तिथि घालून, तुडुमापासून सलंगेपर्यंत सर्व उतरून घ्यावें, आणि वाजिब-उल-अर्जाची नक्कल मिळाल्यास ताडून पाहावें. पाळीवरील त्या वृद्धाकडे येत्या वैशाखांत, पाणी आटून भोकें उघडीं पडलीं म्हणजे, पुन्हां जाण्याचें आम्हीं ठरविलें आहे. वाटाड्यानें बरोबर येण्याचें कबूल केलें आहे.