वेदाला कृपण म्हणणारी ज्ञानेश्वरी
मोक्षासाठी ग्रंथ हवा, हे ठीक. पण तो कुणाच्या कानापर्यंत पोचतो? १२९० च्या ज्ञानेश्वरीत, अठराव्या अध्यायात, ज्ञानेश्वर वेदाला चक्क कृपण म्हणतात: तो तीन वर्णांच्याच कानी लागला, स्त्रिया-शूद्र बाहेर राहिले. हीच उणीव भरून काढायला वेद गीता होऊन आला, असं त्यांचं म्हणणं. आता ती नुसती ऐकली तरी चालते!

याला कुणी बंड म्हणतं, कुणी निव्वळ भाष्य. मला दोन्ही अपुरं वाटतं. वेदाचा अधिकार ते मोडत नाहीत. तो सगळ्यांत वाटतात. मात्र मोक्षाचं दार उघडलं म्हणून गावातली जातीची दारं उघडली नाहीत. ग्रंथाचं मोठेपण सांगताना हेही सांगायला हवं ना?