जीर्ण वस्तूंची शोभा : सोपाऱ्याच्या खापऱ्यांवरून एक विचार

जुन्या वस्तूची शोभा तिच्या जीर्णतेंत असते, कीं जीर्णता घालवून ती वस्तु उजळावी लागते, हा वाद संग्राहकांत वरचेवर निघतो. वसई तालुक्यांतील गास गांवाशेजारच्या सोपाऱ्यानें त्याचा निर्णय फार पूर्वींच देऊन ठेविला आहे, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १८८२ त पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा विटांचा स्तूप उकरला. आंतील दगडी पेटींत आठ धातुमूर्ति व त्यांच्या मध्यें तांब्याचा करंडा निघाला. त्यांत रुप्याचा, पुढें दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सर्वांच्या आंत सोन्याचा करंडा. व त्या सोन्यांत काय, तर मातीच्या तेरा लहान खापऱ्या! पंडितजींनीं त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानिल्या. त्या तशा असोत वा नसोत, ठेवणाराची दृष्टि स्पष्ट आहे. ज्यास सोनार मिळाला त्यास कुंभार मिळाला नसता काय? पण त्यानें नवें पात्र घडविलें नाहीं. मूर्ति तर करंड्यांहून कित्येक शतकें मागाहूनच्या ठरल्या आहेत; म्हणजे पुढील पिढ्यांनीं भोंवतालीं भर घातली, खापऱ्यांस मात्र धक्का लाविला नाहीं.

त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या धर्मलेखाचा तुकडा सोपाऱ्यास सांपडला. नवव्याचा तुकडा १९५६ त गासजवळच्या भुईगांवीं मिळाला. गळालेलीं अक्षरें गिरनारच्या पाठावरून जुळवितां येतात. परंतु ती पूर्ति कागदावर करावी, दगडावर नव्हे. टांकी लागली कीं सोपाऱ्याची साक्ष संपली.

पोथ्यांसही हाच न्याय लागू आहे. नवी बांधणी साफ दिसावी म्हणून पानांच्या कडा कापणारा गृहस्थ समासांतील टिपणें कापतो. लेखकानें चुकीच्या अक्षरावर लाविलेला हरताळ धुऊन काढणारा त्याची दुरुस्तीच पुसून टाकतो. पान देखणें होतें, पण मुकें होतें.

याच्या उलट टोंकास जाणारेही रसिक आहेत. त्यांस वाळवीच्या जाळींतही नक्षी दिसते, आणि तिच्या कौतुकांत ते पोथी पावसाळी ओलींत पडूं देतात. ही रसिकता नव्हे, हेळसांड होय. झालेल्या झिजेचा मान राखणें निराळें व होणारी झीज पाहत बसणें निराळें. सोपाऱ्याच्या त्या अज्ञात पुरुषानें खापऱ्या उघड्यावर टाकिल्या नव्हत्या. एकांत एक पांच करंड्यांत जपल्या होत्या.

तात्पर्य, दप्तराचें फडकें नवें घ्यावें, पेटी नवी करावी, नक्कल सुवाच्य करावी. मूळ पान मात्र जसें हातीं आलें तसेंच पुढच्या हातीं द्यावें. करंडा सोन्याचा असला तरी चालेल. खापरी मातीचीच राहिली पाहिजे.